स्पीड वाढवण्याआधी घरातली वायर तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘नेट स्लो आहे’ ही तक्रार आता ‘पाणी कमी दाबाने येतंय’ इतकीच घरगुती झाली आहे. पण पाणी कमी आलं तर माणूस आधी गच्चीवरची टाकी बघतो, मग कॉक, मग नळाची जाळी काढून धुतो. नेटच्या बाबतीत एवढी तसदी कुणी घेत नाही. फोन थेट कंपनीला जातो आणि तिकडून बहुतेकदा सुचवलं जातं की प्लॅन वाढवून घ्या. १०० चा ३०० होतो, बिल वाढतं, आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच गोठतो. अडथळा बऱ्याचदा उंबरठ्याच्या आत असतो: भिंतीत, प्लगमध्ये, नाहीतर राउटर ज्या कोपऱ्यात कोंबलाय तिथे. तो शोधायचा कसा, हे सांगण्यासाठी हे पत्र. लांबलंय खरं, पण अर्धवट माहितीपायी लोकांचे पैसे जातात म्हणून तपशील गाळलेला नाही.

आधी आकड्यांचा एक घोळ. प्लॅनवरचे १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात. फाइल उतरवताना संगणक दाखवतो ते मेगाबाइट. एका बाइटचे ८ बिट. त्यामुळे १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला ११-१२ मेगाबाइटने उतरत असेल तर काही बिघडलेलं नाही.

परीक्षा वायफायवर घ्यायची नाही. कंपनीच्या ज्या डबीत फायबरची बारीक तार शिरते तिला ओएनटी म्हणतात. लॅपटॉपचं वायफाय बंद करून नेटची वायर थेट तिच्या लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) लावा, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही पाच मिनिटं नेटवरून काढा आणि स्पीड टेस्ट करा. प्लॅनइतका आकडा आला तर कंपनीचं काम चोख आहे, दोष पुढे घरात आहे. नाही आला, तर नेमका किती आला ते बघा.

३०० चा प्लॅन असून आकडा ९४ च्या आसपास अडला असेल, तर कंपनीला दोष देण्याआधी थांबा. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात, कारण उरलेली जागा प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्यांमध्ये आणि मधल्या मोकळ्या अंतरात जाते. म्हणून टेस्ट पुन्हा पुन्हा ९४ वर थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० ची अरुंद जागा आहे हे नक्की. ती तीन ठिकाणी असू शकते. ओएनटीचा, किंवा वायर राउटरमधून घेतली असेल तर राउटरचा, पोर्टच १०/१०० चा असेल. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांचा असतो आणि खोक्यावर वायफायचा आकडा मात्र १२०० छापलेला असतो. लॅन पोर्ट नसलेल्या पातळ लॅपटॉपला लावलेला यूएसबी कन्व्हर्टर १०० चा असेल. किंवा, आणि हेच जास्त वेळा निघतं, वायरीतल्या आठ तारांपैकी एखादी नीट लागलेली नसेल. १०० साठी चार तारा पुरतात, १००० साठी आठही लागतात. एखादी तार सुटली की काही यंत्रं तक्रार न करता १०० वर उतरतात, काहींचा दिवा लागत-विझत राहतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं गेलं की ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १०००/१००० हवं. पोर्ट आणि कन्व्हर्टर गिगाबिटचे असून १००/१०० दिसत असेल तर प्लग कापून नवा लावायचा.

हा प्लग, म्हणजे आरजे-४५, काही रुपयांची वस्तू आहे आणि घरातल्या नेटवर्कची निम्मी दुखणी तिथेच सुरू होतात. गल्लोगल्ली एक समज आहे की दोन्ही टोकांना रंग सारखे लावले की झालं, क्रम कुठलाही चालतो. चालत नाही. वायरीतल्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात आणि हा पीळ शेजारच्या जोडीचा गोंगाट मारतो. प्लगमध्ये १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ या पिनांना एकेक पिळाची जोडी मिळावी लागते. कुणी केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी अशी ओळीने लावली, तर ३ वर पांढरी-हिरवी येते आणि ६ वर निळी, जोडी फुटते. साध्या टेस्टरचे १ ते ८ दिवे तरीही छान ओळीने लागतात, कारण तो फक्त तार पोचली का एवढंच बघतो. चार फुटांच्या वायरीवर हे खपून जातं. वीस मीटरवर गिगाबिट टिकत नाही, आणि दोष राउटरवर जातो.

प्रचलित क्रम टी-५६८-बी. प्लगची चाप खाली, सोनेरी पिना वर, तोंड आपल्यापासून पलीकडे धरलं की डावीकडून उजवीकडे: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वरचं आवरण इंचभर सोला, तारा सरळ करून क्रमाने चिकटून धरा, आणि मग १२-१३ मिलिमीटर ठेवून बाकीच्या एका फटक्यात कापा. आत सरकवल्यावर प्लगच्या पारदर्शक टोकातून समोरून आठ तांबडे ठिपके दिसले पाहिजेत; सात दिसले तर बाहेर काढून पुन्हा. आवरणही प्लगच्या आत, मागच्या पाचरीखाली गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहून नुसत्या रंगीत तारा दिसत असतील तर तो प्लग झाडू लागल्याबरोबर सैल होणार. क्रिम्पिंगची (प्लग दाबून बसवायची) पक्कड आणि टेस्टर मिळून हजाराच्या आत येतात. ज्या घरात चार खोल्यांत वायर आहे तिथे ही खरेदी वसूल होते.

वायर घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: पूर्ण तांब्याची आहे की सीसीए? सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडली की पांढरी चकाकी दिसते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि दोन-तीनदा वाकवलं की तार तुटते. वायरीतूनच वीज घेणारा कॅमेरा लांबच्या टोकाला असेल, तर तो दिवसा चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो, त्यामागे अनेकदा हीच वायर असते. घरासाठी कॅट-५ई प्रतीची वायर पुरेशी आहे, १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते; भिंतीत कायमची पुरायची असेल तर कॅट-६ टाका. त्यावरची महागडी नावं दोन-तीन बीएचकेत काही देत नाहीत.

आता फायबर. ओएनटीवर ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लागला, तर राउटर शंभरदा बंद-चालू करून उपयोग नाही. उजेडच पोचत नाहीये. टीव्ही युनिट किंवा सोफा सरकवताना तार चेंगरली का, कोपऱ्यात कटकन वाकली का, हे आधी बघा. फायबरचं वेटोळं आमटीच्या वाटीपेक्षा लहान नको. तारेच्या टोकाला हिरवा प्लग असतो, त्याचा चेहरा किंचित तिरपा घासलेला, निळ्याचा सपाट. हिरव्यात निळा खुपसला की बसतो, पण उजेड गळतो. टोकाला बोट लावू नका, ओढणीने पुसू नका, आणि आत डोकावून तर मुळीच पाहू नका: त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण लागतो. ओएनटीच्या पानावर (ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकला की उघडतं ते) ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पोचणाऱ्या उजेडाचा जोर, म्हणून आकडा असतो. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेला की नेट येत-जात राहतं, त्यातही पाऊस झाला की जास्त. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ऐवजी हा आकडा सांगा. माणूस पाठवण्याशिवाय त्यांना पर्याय राहत नाही.

वायर निर्दोष निघाली, की उरतं वायफाय. इथे सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे नव्या इमारतींमध्ये मुख्य दाराच्या मागे, चपलांच्या कपाटाशेजारी बसवलेला पत्र्याचा बॉक्स. बिल्डर सगळ्या तारा तिथे आणतो, मग कंपनीचा माणूस ओएनटी त्याच बॉक्समध्ये ठेवून झाकण लावतो. पत्र्याच्या पेटीत ट्रान्समीटर! झाकण उघडं ठेवलं तरी मागची बाजू पत्र्याचीच. फायबरची डबी तिथेच राहू द्या, तिचं वायफाय बंद करा, आणि एक लॅन वायर दिवाणखान्यात किंवा पॅसेजमध्ये आणून तिथे राउटर लावा. छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर, घराच्या मध्याजवळ. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यामागे सावली पडते. वायफायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, असतात: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. आरसीसीच्या भिंतीतली सळई ५ गिगाहर्ट्झला जवळपास अडवते. कोकणातल्या दीड-दोन फुटी जांभ्याच्या भिंतीतून तर एका खोलीपलीकडे आशाच नको. तिथे खोली तिथे राउटर आणि मध्ये वायर, हाच मार्ग.

‘दांड्या’ बघून काही कळत नाही. फोनवर वायफाय मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या, ते डीबीएममध्ये आकडा दाखवतं. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत, उणे ७५ ला अडखळतं, उणे ८० च्या पलीकडे नाव दिसतं पण काम होत नाही. प्रत्येक खोलीत, कामाच्या खुर्चीवर बसून, दार लावून मोजा. तेच ॲप शेजाऱ्यांचे चॅनेल, म्हणजे बँडमधले क्रमांक दिलेले भाग, दाखवतं. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ‘३ रिकामा दिसतोय’ म्हणून ३ निवडला तर १ चा आणि ६ चा दोघांचाही त्रास होतो. त्यापेक्षा कमी जोरात ऐकू येणाऱ्या शेजाऱ्याचाच चॅनेल घ्या. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की दाट वस्तीत सगळ्यांचंच बिघडतं, मायक्रोवेव्ह चालू असताना तर बघायलाच नको. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला घ्या आणि लॅपटॉप, टीव्ही, फोन तिकडे न्या. स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच, दाराची घंटा हे बहुतेक २.४ वरच चालतात, आणि डब्ल्यूपीए-३ हा सुरक्षेचा नवा प्रकार लावला की यांतले अनेक जोडलेच जात नाहीत. त्यांच्यासाठी २.४ ला वेगळं नाव आणि डब्ल्यूपीए-२.

दूरच्या खोलीसाठी लोक रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारी डबी) आणतात आणि नेमका त्याच खोलीत लावतात, जिथे सिग्नल पोचतच नाही. उपाशी माणसाला वाढपी करण्यातला प्रकार. लावायचाच तर निम्म्या वाटेवर, आणि एकाच बँडचा असेल तर वेग निम्मा होणार हे धरून. जुना राउटर पडून असेल तर वायर ओढून त्याचा ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पुरवणारं यंत्र) करणं कधीही सरस. पण इथे एक चूक हमखास होते. कंपनीची डबी आणि आपला राउटर, दोघेही घरातल्या यंत्रांना नेटवर्कवरचे (आयपी) पत्ते वाटायला बसतात. निम्मे फोन चालतात, निम्मे नाहीत. प्रिंटर सकाळी सापडतो, दुपारी हरवतो.

काम असं करायचं. जुना राउटर फक्त लॅपटॉपला वायरने जोडा, त्याचं पान उघडा. आधी लॅनचा पत्ता बदला: कंपनीची डबी १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. सेव्ह केल्यावर पान नाहीसं होतं, इथे लोक घाबरतात. तो आता नव्या पत्त्यावर आहे, तिथे जाऊन पुन्हा आत शिरा. लॅपटॉपला जुनाच पत्ता धरून बसायची सवय असते. पान उघडत नसेल तर वायर काढून पुन्हा लावा. मग वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करणं सगळ्यात शेवटी, कारण ते आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि पान उघडत नाही. मग मुख्य डबीच्या लॅनमधून वायर आणून जुन्या राउटरच्याही लॅनमध्येच लावा. निळ्या किंवा पिवळ्या वॅनला (बाहेरची लाइन घेणाऱ्या पोर्टाला) हात लावू नका. राउटरमध्ये ‘एपी मोड’ अशी तयार निवड असेल तर हे सगळं तो स्वतः करतो आणि वॅनही चालतो. मुख्य डबी पत्ते १०० पासून पुढे वाटते आहे याची खात्री करा, नाहीतर .२ ती दुसऱ्याच कुणाला देऊन बसेल.

दोष कुठे आहे हे सांगणारं सगळ्यात स्वस्त हत्यार विंडोजमध्ये आधीच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत. आपला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायर, प्लग किंवा डीएचसीपी बघा. पत्ता बरोबर असेल तर ‘पिंग’ ने (समोरच्याचं उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) तीन टप्पे तपासा: आधी राउटर, १९२.१६८.१.१, मग बाहेरचा ८.८.८.८, मग एखाद्या संकेतस्थळाचं नाव. वायरवर राउटरचं उत्तर १-२ मिलिसेकंदांत यायला हवं. वायरवर ते ठीक येऊन वायफायवर २००-३०० च्या उड्या दिसत असतील तर कंपनीचा काही संबंध नाही, दोष वायफायचा. राउटर ठीक, ८.८.८.८ बंद, तर बाहेरची लाइन. दोन्ही ठीक आणि फक्त नाव सापडत नाही, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहा, बहुतेकदा तिथेच मिटतं.

आणखी एक फसवा प्रकार: एरवी सगळं छान, पण फोनमधले फोटो बॅकअपला लागले किंवा कॅमेऱ्याचं चित्रण वर चढू लागलं की सगळ्यांचं नेट झोपतं. अपलोडची रांग राउटरच्या पोटात साचते आणि बाकीच्यांची छोटी पॅकेटं तिच्या मागे ताटकळतात. अपलोड चालू असताना ८.८.८.८ ला पिंग करा. २० चे ४०० झाले तर रोग हाच. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के लावा.

घरचा कॅमेरा बाहेरून बघण्यासाठी पोर्ट फॉरवर्ड करून (राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडून) थकलेल्यांनी ओएनटीच्या पानावर वॅनचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. फॉरवर्ड कितीही केलं तरी बाहेरून वाट सापडणार नाही. स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतंत्र पत्ता) विकत घ्या, आयपीव्ही-६ (पत्त्यांची नवी पद्धत) वापरा, किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधून बघा. त्या कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र पहिल्या दिवशी बदला. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने असे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते फक्त मूळ पासवर्ड तसेच राहिले होते म्हणून. राउटरचं डब्ल्यूपीएसही (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद ठेवा.

विजेबद्दल थोडकं. राउटर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप सुरू होत असेल तर राउटर बदलण्याआधी ॲडॅप्टर बदला. म्हातारा ॲडॅप्टर मीटरवर १२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडला की ९ वर येतो. नवा घेताना व्होल्ट तितकेच, अँपिअर तितके किंवा जास्त, आणि पिनेच्या आतली बाजू धन आहे का ते चिन्ह जुळवून. लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस ओएनटी आणि राउटर दोघांना लागतो. एकालाच लावून काही होत नाही. वळवाच्या पावसात गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या लॅन वायरीने राउटरचे पोर्ट जळतात. फायबरमधून वीज येत नाही, पण त्याच खांबावरून टीव्हीची किंवा कॅमेऱ्याची तांब्याची वायर येत असेल तर ढग गडगडायला लागताच ती काढून ठेवा.

शेवटी बिल्डर, आर्किटेक्ट आणि घराचं नूतनीकरण काढलेल्या सगळ्यांना एक मागणं. विजेचे पॉइंट जसे नकाशावर दाखवता तसे नेटचेही दाखवा: फायबर येते तिथून प्रत्येक खोलीत एक आणि पॅसेजच्या छतात एक. त्यासाठी २५ मिलिमीटरचा वेगळा पीव्हीसी पाइप टाका. २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपात लॅन वायर घुसवू नका. तिचं आवरण त्या दाबासाठी नसतं आणि कधीतरी राउटरला हात लावणाऱ्याला झटका बसेल. काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरा, नाहीतर वायर ओढताना पीळ बिघडतो. आणि प्लास्टर होण्याआधी पाइपात नायलॉनची दोरी ओढून तिची दोन्ही टोकं बाहेर बांधून ठेवा. वायर आज नाही टाकली तरी चालेल.

आपले,
घरगुती नेटवर्कची जोडणी-दुरुस्ती करणारे दोन तंत्रज्ञ, पुणे